विजयालक्ष्मी पंडित : राष्ट्रांच्या सभेतील पहिल्या स्त्री अध्यक्षा

१५ सप्टेंबर १९५३ रोजी न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे आठवे अधिवेशन सुरू झाले. पहिले काम अध्यक्षाच्या निवडीचे होते. थायलंडचे अनुभवी मुत्सद्दी प्रिन्स वान आणि भारताच्या श्रीमती विजयालक्ष्मी पंडित यांच्यात लढत झाली आणि श्रीमती पंडित निवडून आल्या. साठ राष्ट्रांच्या त्या सभेचे अध्यक्षपद एका स्त्रीकडे जाण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. भारत स्वतंत्र होऊन तेव्हा अवघी सहा वर्षे झाली होती. स्वित्झर्लंडसारख्या प्रगत देशातील स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मत देण्यासाठी त्यानंतर आणखी अठरा वर्षे थांबावे लागणार होते.

स्मरणिकेत आपण ज्यांची चरित्रे वाचतो, ती माणसे बहुधा आपल्या चळवळीतील असतात. विजयालक्ष्मीबाई त्या अर्थाने आपल्या नव्हेत. त्या एका धनाढ्य काश्मिरी पंडित घराण्यात जन्मल्या. मोतीलाल नेहरूंची कन्या आणि जवाहरलालांची भगिनी ही ओळख त्यांना आयती लाभली होती. तरीही त्यांचे चरित्र येथे मांडावे असे आम्हांस वाटले, याला कारण आहे. जन्मावरून माणसाची लायकी ठरवणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. स्त्रीच्या वाट्याला येणारा पूर्वग्रह त्याच कुळातला आहे. एवढे नाव आणि एवढे वैभव पाठीशी असलेल्या स्त्रीलाही तो चुकला नाही. शिवाय तिने मिळवलेल्या यशाचा तिच्यामागून येणाऱ्या, कोणतेही नाव पाठीशी नसलेल्या स्त्रियांना कितपत उपयोग झाला, हा प्रश्न आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलीचा आहे.

घरात शिकलेली मुलगी

त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १९०० रोजी अलाहाबाद येथे झाला. जन्मनाव स्वरूपकुमारी. वडील मोतीलाल अलाहाबाद उच्च न्यायालयातील आघाडीचे वकील होते आणि घराचा थाट इंग्रजी होता. थोरले बंधू जवाहरलाल यांना शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये हॅरो आणि पुढे केंब्रिज येथे धाडण्यात आले. कन्येसाठी मात्र घरीच इंग्रज शिक्षिका ठेवण्यात आली. पैशाची वाण नव्हती; मुलीला पदवी कशाला हवी, हा त्या काळातील सुशिक्षित घरांचाही विचार होता. पुढे मॉस्को, वॉशिंग्टन आणि लंडन या तीन राजधान्यांत भारताचे प्रतिनिधित्व केलेल्या या स्त्रीने परीक्षा देऊन मिळवलेली एकही पदवी नव्हती. जे मिळवले ते वाचनाने, प्रत्यक्ष कामाने आणि पुष्कळसे तुरुंगात.

१९२१ साली त्यांचा विवाह रणजित सीताराम पंडित यांच्याशी झाला. रणजितराव मूळच्या कोकणातील मराठी घराण्यातले. घराणे राजकोटला स्थायिक झालेले. ते बॅरिस्टर होते, पण त्यांचा खरा ओढा संस्कृतकडे होता. कल्हणाच्या राजतरंगिणीचे त्यांनी इंग्रजीत भाषांतर केले. सासरच्या रीतीप्रमाणे लग्नात वधूचे नाव बदलले गेले आणि स्वरूपकुमारीची विजयालक्ष्मी झाली. ज्या नावाने जगाने त्यांना ओळखले, ते नाव असे मराठी घरात मिळालेले आहे. या दांपत्याला चंद्रलेखा, नयनतारा आणि रीता या तीन कन्या झाल्या. नयनतारा सहगल पुढे इंग्रजी कादंबरीकार म्हणून नावाजल्या.

पतिपत्नी दोघेही स्वातंत्र्यलढ्यात उतरली. विजयालक्ष्मीबाईंना तीन वेळा कारावास घडला. अलाहाबाद नगरपालिकेत त्यांनी शिक्षण समितीचे काम सांभाळले. १९३७ च्या निवडणुकीनंतर संयुक्त प्रांतात गोविंद वल्लभ पंत यांचे मंत्रिमंडळ आले, तेव्हा स्थानिक स्वराज्य आणि आरोग्य ही खाती त्यांच्याकडे देण्यात आली. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक मंत्रिमंडळात कॅबिनेट दर्जाचे पद मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत. गटारे, पिण्याचे पाणी, लसीकरण आणि नगरपालिकांचे हिशेब हे त्यांच्या खात्याचे विषय. राज्यकारभाराचा हा अनुभव त्यांनी दोन वर्षे घेतला आणि १९३९ साली काँग्रेसच्या इतर मंत्र्यांबरोबर पदाचा त्याग केला. पुढे त्यांच्याविषयी बोलताना अनेकांना त्यांचे घराणे आठवे, हा अनुभव मात्र क्वचितच कोणाला आठवला.

विधवेचा हक्क

१९४२ च्या आंदोलनात पतिपत्नी दोघेही तुरुंगात गेली. रणजितरावांची प्रकृती कारावासात ढासळली आणि सुटकेनंतर थोड्याच काळात, १४ जानेवारी १९४४ रोजी, त्यांचे निधन झाले. त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. पदरी तीन मुली होत्या, मुलगा नव्हता. तत्कालीन हिंदू कायद्याचा आधार घेऊन सासरकडून विजयालक्ष्मीबाईंचा आणि मुलींचा मालमत्तेवरील हक्क नाकारण्यात आला. प्रांताची मंत्री राहिलेली, अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपद भूषवलेली ही स्त्री पतीच्या पश्चात स्वतःच्या संसाराला पारखी झाली. स्त्रियांच्या वारसाहक्काविषयी त्या सभांतून बोलत आल्या होत्या. आता तो प्रश्न त्यांच्या दारात येऊन उभा राहिला.

आपल्या वाचकांनी येथे क्षणभर थांबावे असे आम्ही सुचवतो. या कायद्याने किती अनाम स्त्रियांना उघड्यावर आणले असेल, याची मोजदाद कोणी केलेली नाही. तो बदलण्यासाठी कायदामंत्री या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलाचा ध्यास घेतला, त्यासाठी संसदेत आणि संसदेबाहेर प्रचंड विरोध सोसला, आणि बिल रखडवले गेल्याचे पाहून सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या राजीनाम्यामागे इतर कारणेही होती, पण हे एक प्रमुख कारण होते. पुढे त्या बिलाचे तुकडे करून कायदे झाले आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवेला आणि मुलीला वारसाहक्क मिळाला. अलाहाबादच्या त्या घरातील विधवेला जे मिळाले नाही, ते पुढच्या पिढीतील लाखो स्त्रियांना मिळाले. त्यामागे उभे होते ते महूच्या छावणीत जन्मलेल्या एका सुभेदाराच्या मुलाचे श्रम.

निमंत्रण नसलेली प्रतिनिधी

दुःख आणि आर्थिक ओढाताण यांतून वाट काढत १९४४ च्या अखेरीस विजयालक्ष्मीबाई अमेरिकेला गेल्या. १९४५ च्या वसंतात सॅन फ्रान्सिस्को येथे संयुक्त राष्ट्रांची सनद तयार करण्यासाठी परिषद भरली. हिंदुस्थानचे अधिकृत शिष्टमंडळ ब्रिटिश सरकारने नेमलेले होते आणि सर रामस्वामी मुदलियार त्याचे प्रमुख होते. विजयालक्ष्मीबाईंना सभागृहात स्थान नव्हते. त्यांनी बाहेर सभा घेतल्या, वार्ताहरांशी बोलल्या, निवेदन सादर केले आणि शिष्टमंडळात बसलेली मंडळी हिंदी जनतेने निवडलेली नाहीत ही गोष्ट जगापुढे ठेवली.

अमेरिकेतील वृत्तपत्रांनी त्यांना भरपूर प्रसिद्धी दिली, पण ती प्रसिद्धी कशाची होती हे पाहण्यासारखे आहे. त्यांची साडी, त्यांचे रुपेरी केस, त्यांचा बांधा, त्यांचे आदरातिथ्य यांवर शाई खर्च झाली. साम्राज्यशाहीविरुद्ध त्यांनी मांडलेला युक्तिवाद त्या वर्णनांच्या खाली दबून जाई. मुदलियारांच्या कोटाचा रंग कोणी छापला नाही. स्तुतीच्या रूपाने येणारा हा पूर्वग्रह निंदेपेक्षा ओळखायला कठीण असतो, कारण त्यावर रागावणारी व्यक्तीच कृतघ्न ठरते. विजयालक्ष्मीबाई रागावल्या नाहीत. ऐकायला आलेल्या माणसाला त्यांनी साडीवरून स्वातंत्र्याच्या विषयावर आणले आणि आपले काम केले.

जनरल स्मट्स यांच्यासमोर

पुढच्याच वर्षी त्या त्याच संघटनेच्या सभागृहात, पण आता अधिकृतपणे दाखल झाल्या. १९४६ च्या उत्तरार्धात न्यूयॉर्क येथे भरलेल्या आमसभेत भारताच्या शिष्टमंडळाच्या त्या प्रमुख होत्या. दक्षिण आफ्रिकेने त्या वर्षी तेथील हिंदी लोकांची वस्ती आणि जमीनधारणा यांवर बंधने घालणारा कायदा केला होता आणि भारताने त्याविरुद्ध तक्रार दाखल केली होती.

त्या काळी आंतरराष्ट्रीय सभांतून स्त्री प्रतिनिधीची जागा जणू ठरलेली असे. सामाजिक, मानवतावादी आणि सांस्कृतिक विषय पाहणारी तिसरी समिती ही स्त्रियांसाठी योग्य समजली जाई. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी राहिलेल्या एलिनॉर रूझवेल्ट यांनाही त्यांच्या पुरुष सहकाऱ्यांनी १९४६ साली त्याच समितीत बसवले, कारण तेथे त्यांच्या हातून फारसे काही बिघडणार नाही अशी त्यांची समजूत होती. युद्ध, सीमा, कायदा, सार्वभौमत्व हे विषय पुरुषांचे. भारताची तक्रार मात्र राजकीय आणि कायदेविषयक समित्यांच्या संयुक्त बैठकीत चर्चेला आली आणि तेथे भारताची बाजू मांडायला उभ्या राहिल्या त्या विजयालक्ष्मी पंडित. समोर होते जनरल यान स्मट्स. दोन महायुद्धांचे सेनानी, आणि ज्या सनदेच्या आधारे त्यांच्यावर आरोप होत होता तिच्या प्रस्तावनेच्या जडणघडणीत सहभागी असलेले मुत्सद्दी.

स्मट्स यांचा मुद्दा सरळ होता. एखादे राष्ट्र आपल्या रहिवाशांना कसे वागवते हा त्याचा अंतर्गत प्रश्न आहे आणि त्यात संयुक्त राष्ट्रांनी पडू नये. विजयालक्ष्मीबाईंनी उत्तर दिले ते कायद्याच्या आणि सदसद्विवेकाच्या अशा दोन्ही अंगांनी. सनदेने मानवी हक्कांचे वचन दिले असेल तर वंशावरून केलेला भेदभाव कोणाच्याही घरचा खासगी मामला राहू शकत नाही, असे त्यांच्या मांडणीचे सार होते. बॅरिस्टर छगला यांच्यासारखे कायदेपंडित त्यांच्या शिष्टमंडळात होते आणि त्यांच्या साहाय्याचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला. ८ डिसेंबर १९४६ रोजी मतदान झाले. ठरावाच्या बाजूने ३२, विरुद्ध १५ मते पडली, ७ राष्ट्रे तटस्थ राहिली. आवश्यक असलेले दोन तृतीयांश मताधिक्य मिळाले.

मतदानानंतर त्या आपली जागा सोडून स्मट्स यांच्याकडे गेल्या आणि वादाच्या भरात काही दुखावणारे बोलले गेले असल्यास क्षमा मागितली. निघण्यापूर्वी गांधीजींनी त्यांना तशी सूचना केली होती. स्मट्स यांनी त्यांचा विजय पोकळ असल्याचे सांगितले. या मतदानामुळे आपले सरकार जाईल आणि त्यातून त्यांच्या पदरी काही पडणार नाही, असे भाकीत त्यांनी केले. १९४८ साली स्मट्स खरोखरच निवडणूक हरले आणि वर्णभेदाचे उघड समर्थन करणारा पक्ष सत्तेवर आला. पण विजय पोकळ ठरला नाही. वर्णभेदाचा प्रश्न त्या दिवशी जगाच्या चव्हाट्यावर आला, आणि तो तेथून पुन्हा हटवता आला नाही.

या विजयाला आपल्या दृष्टीने एक दुसरी बाजूही आहे. भारताचे शिष्टमंडळ न्यूयॉर्कमध्ये वंशभेदाविरुद्ध बोलत होते, तेव्हा आपल्या खेड्यांतील पाणवठे आपल्याच माणसांना बंद होते. त्याच १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून, तेथील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या, कारण अस्पृश्यांचा प्रश्नही त्या दारात न्यावा असे त्यांच्या मनात होते. विजयालक्ष्मीबाईंच्या युक्तिवादाचे मोल यामुळे कमी होत नाही. उलट, भेदभाव हा घरचा मामला नव्हे हे त्यांनी सिद्ध केलेले तत्त्व आपल्याही उपयोगाचे आहे.

मॉस्को आणि वॉशिंग्टन

स्वातंत्र्यानंतर त्या सोव्हिएत रशियातील भारताच्या पहिल्या राजदूत झाल्या. हा काळ त्यांना जड गेला. सुमारे दोन वर्षांच्या वास्तव्यात स्टालिन यांनी त्यांना एकदाही भेट दिली नाही. त्यांच्यानंतर आलेल्या डॉ. राधाकृष्णन यांना मात्र ती मिळाली. युद्धाने उजाड झालेल्या मॉस्कोत वकिलातीसाठी सामान मिळेना, म्हणून ते स्वीडनहून मागवले, यावरूनही मायदेशी टीका झाली. बाईमाणसाला हे काम झेपले नाही, असा सोपा निष्कर्ष काढणारे तेव्हा पुष्कळ निघाले. खरे कारण राजकारणात होते. नव्या भारताचे स्वातंत्र्य हे नावापुरते असून तो अजून ब्रिटनच्याच छायेत आहे, अशी मॉस्कोची त्या वर्षांत धारणा होती. पुढे ती बदलली आणि दारेही उघडली. पुरुष राजदूताला अपयश आले की धोरणाची चर्चा होते. स्त्री राजदूताला आले की तिच्या स्त्रीत्वाची.

१९४९ ते १९५१ या काळात त्या अमेरिकेत राजदूत होत्या. वकिलातीच्या कामाची त्या वेळची रचनाच पुरुष गृहीत धरून झालेली होती. राजदूत राजकारण पाही आणि त्याची पत्नी मेजवान्या, पाहुणे, स्वयंपाकघर आणि नोकरचाकर सांभाळी. पत्नीच्या या कामाला वेतन नसे आणि त्याची नोंदही नसे. मेजवानी संपली की स्त्रियांनी दुसऱ्या दालनात जायचे आणि पुरुषांनी धूम्रपान करत जगाचे प्रश्न बोलत बसायचे, अशीही रीत अनेक ठिकाणी होती. ज्या बैठकीत खरी बोलणी होत, तिच्यातून स्त्रीने उठून जावे असा शिष्टाचार असेल, तर स्त्री राजदूताने काय करावे याचे उत्तर त्या शिष्टाचारात नव्हते. विजयालक्ष्मीबाईंनी दोन्ही कामे एकटीने केली. त्यांच्या मेजवान्यांचे कौतुक झाले, तेव्हा त्या मेजवान्या हेच त्यांचे कौशल्य समजले गेले.

प्रत्यक्षात त्यांच्यापुढील काम बिकट होते. १९५० च्या अखेरीस भारतात अन्नधान्याची तीव्र टंचाई होती. डिसेंबरमध्ये त्यांनी अमेरिकी सरकारकडे वीस लाख टन धान्याची मागणी केली. त्याच सुमारास कोरियातील युद्ध पेटलेले होते आणि भारताच्या तटस्थ भूमिकेवर अमेरिकी काँग्रेस नाराज होती. मदतीच्या बदल्यात भारताने आपले धोरण मुरडावे, असा सूर उघडपणे उमटत होता. धान्य हवे, पण मान तुकवायची नाही, अशा पेचात त्यांनी सहा महिने घालवले. जून १९५१ मध्ये कायदा संमत झाला आणि एकोणीस कोटी डॉलरचे कर्ज मिळून गव्हाची जहाजे भारताकडे निघाली.

आमसभेच्या आसनावर

१९५२ साली लखनौमधून त्या पहिल्या लोकसभेवर निवडून आल्या. मार्च १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसपदासाठी नावांचा शोध सुरू होता, तेव्हा सोव्हिएत रशियाने सुरक्षा परिषदेत त्यांचे नाव सुचवले. ज्या देशाने त्यांना राजदूत म्हणून थंडपणे वागवले होते, त्यानेच हे सुचवावे यात महाशक्तींची चाल होतीच. नावाला दोन मते पडली, एक विरोधी पडले आणि आठ सदस्य तटस्थ राहिले. पुढे हे पद स्वीडनचे डाग हॅमरशोल्ड यांच्याकडे गेले.

सप्टेंबरात त्या आमसभेच्या अध्यक्ष झाल्या. ते वर्ष सोपे नव्हते. कोरियातील तह नुकताच झाला होता आणि युद्धकैद्यांच्या प्रश्नात भारत स्वतः गुंतलेला होता. अध्यक्षाला स्वतःच्या देशाची बाजू घेता येत नाही. दोन गटांत विभागलेल्या सभेत प्रत्येक निर्णय संशयाने पाहिला जात असताना, बोलण्याची पाळी, ठरावांचा क्रम आणि हरकतींचा निवाडा ही कामे त्यांना करायची होती. त्यांनी ती नियमाला धरून आणि शांतपणे केली. ८ डिसेंबर १९५३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी अणुशक्तीच्या शांततामय वापराविषयीचे आपले प्रसिद्ध भाषण केले, तेव्हा त्या सभेच्या अध्यक्षस्थानी त्याच होत्या.

१९५४ ते १९६१ अशी सात वर्षे त्या लंडनमध्ये भारताच्या उच्चायुक्त होत्या आणि आयर्लंडचेही काम पाहत होत्या. सुएझच्या संकटात ब्रिटनच्या आक्रमणाला भारताचा तीव्र विरोध होता आणि तो विरोध लंडनमध्येच बसून, संबंध न तोडता, पोहोचवण्याचे काम त्यांच्याकडे आले. येथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याने १९३० च्या दशकात स्त्रियांना राजनैतिक सेवेत घ्यावे का याचा विचार करून नकार दिला होता. इतर देश स्त्री प्रतिनिधीला गांभीर्याने घेणार नाहीत, असा एक मोठा आक्षेप होता. १९४६ साली दार उघडले, पण लग्न केले की नोकरी सोडण्याची अट १९७० च्या दशकापर्यंत टिकली. ब्रिटनने आपली पहिली स्त्री राजदूत डेन्मार्कला पाठवली ती १९७६ साली. त्याच्या बावीस वर्षे आधी, ज्या देशावर त्यांनी राज्य केले त्या देशाची स्त्री प्रतिनिधी त्यांच्याच राजधानीत काम करत होती आणि तिला पुरेपूर गांभीर्याने घेतले जात होते.

महाराष्ट्र आणि उत्तरायुष्य

२८ नोव्हेंबर १९६२ रोजी त्या महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री. चीनच्या आक्रमणाचे ते दिवस. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले होते आणि राज्याची धुरा मारोतराव कन्नमवार यांच्याकडे आली होती. सुमारे दोन वर्षे त्या मुंबईच्या राजभवनात राहिल्या. पंडित नेहरूंच्या निधनानंतर त्यांनी हे पद सोडले आणि बंधूंच्या फुलपूर मतदारसंघातून त्या लोकसभेत गेल्या. १९६८ साली त्यांनी राजीनामा दिला आणि डेहराडूनला निवृत्त जीवन सुरू केले.

त्यांचे सर्वांत धाडसी कृत्य कदाचित या निवृत्तीनंतरचे आहे. १९७५ साली आणीबाणी आली, तेव्हा देशाच्या पंतप्रधान त्यांच्या सख्ख्या भावाच्या कन्या होत्या. नात्याने गप्प बसणे सोयीचे होते. १९७७ च्या निवडणुकीत सत्त्याहत्तरीकडे झुकलेल्या विजयालक्ष्मीबाई आपल्या भाचीच्या सरकारविरुद्ध प्रचाराला उतरल्या. घराण्याच्या पुण्याईवर मोठी झालेली स्त्री असे ज्यांनी आयुष्यभर म्हटले, त्यांना हे उत्तर होते. पुढे त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात भारताचे प्रतिनिधित्व केले. १ डिसेंबर १९९० रोजी डेहराडून येथे त्यांचे निधन झाले.

उघडलेले दार आणि मागे राहिलेल्या स्त्रिया

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या एका स्त्रीच्या यशाने दार उघडले का?

१९४९ साली कूर्गच्या सी. बी. मुथम्मा भारतीय परराष्ट्र सेवेत दाखल झाल्या. स्पर्धा परीक्षा देऊन या सेवेत आलेल्या त्या पहिल्या स्त्री. लग्न केल्यास नोकरी सोडावी लागेल, असे त्यांच्याकडून लिहून घेण्यात आले. १९६१ च्या सेवानियमांनी तर स्त्री अधिकाऱ्याला लग्नासाठी सरकारची लेखी परवानगी आवश्यक केली, आणि संसारामुळे कामात बाधा येते असे सरकारला वाटल्यास तिला राजीनामा द्यायला लावण्याची मुभा ठेवली. पुरुष अधिकाऱ्याला अशी अट नव्हती. हे सारे घडत होते तेव्हा परराष्ट्र खाते खुद्द पंडित नेहरूंकडे होते आणि त्यांच्या भगिनी जगातील मोठ्या राजधान्यांत भारताची शान वाढवत होत्या. त्या स्वतः तीन मुलींच्या आई होत्या. संसाराने त्यांच्या कामात बाधा आणल्याचे कोणाला दिसले नव्हते. तरीही परीक्षा देऊन आलेल्या मुलीवर नियम लागू झाला. मुथम्मांनी बढती डावलली गेल्यावर सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या नियमांवर कडक ताशेरे ओढले. मग नियम गेले.

यातून आम्हांस जे दिसते ते असे. समाज एखाद्या स्त्रीला, किंवा एखाद्या दलिताला, अपवाद म्हणून डोक्यावर घ्यायला लवकर तयार होतो. अपवादाच्या गौरवाने पूर्वग्रहाला धक्का बसत नाही. हिच्यासारखी दुसरी नाही, असे म्हणून तो स्वतःला सांभाळून घेतो. विजयालक्ष्मीबाईंच्यानंतर आमसभेला दुसरी स्त्री अध्यक्ष मिळाली ती १९६९ साली, लायबेरियाच्या अँजी ब्रूक्स. आणि तिसरी थेट २००६ साली. सरचिटणीसपदावर आलेल्या पहिल्या नऊ जणांत एकही स्त्री नाही. अपवाद हक्कात बदलतो तो कायद्याने आणि त्यासाठी झगडणाऱ्यांमुळे. विधवेच्या वारशाबाबत ते काम बाबासाहेबांनी केले, परराष्ट्र सेवेबाबत मुथम्मांनी.

पाली वाङ्मयात सोमा थेरीची कथा येते. श्रावस्तीजवळच्या अंधवनात ती ध्यानाला बसली असता मार तिला हिणवतो की, ऋषींनाही दुर्लभ असलेले स्थान, भात शिजला का हे दोन बोटांनी चाचपण्यापुरती बुद्धी असलेल्या स्त्रीला कसे मिळणार? सोमा विचलित होत नाही. चित्त स्थिर असेल आणि धम्माचे ज्ञान होत असेल, तर तेथे स्त्रीपणाचा संबंधच काय, असे ती त्याला विचारते. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा आक्षेप वकिलातींच्या दालनांत वेगळ्या भाषेत बोलला गेला आणि आजही मुलाखतीच्या टेबलापलीकडून तो ऐकू येतो. आपल्या मुलींना तो कधी ना कधी ऐकावा लागेल.

म्हणून पालकांना आमचे सांगणे आहे की, मुलाला दूरच्या शाळेत आणि मुलीला घरच्या घरी, ही जी वाटणी अलाहाबादच्या श्रीमंत घरातही झाली होती, ती आपल्या घरात होऊ देऊ नका. आणि येथून शिकून गेलेल्या, अधिकारपदावर पोहोचलेल्या आमच्या माजी विद्यार्थिनींना विनंती आहे की, आपल्याला अपवाद म्हणून गौरवले जाईल तेव्हा सत्कार अवश्य स्वीकारावा, आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयातील नियमांचे पुस्तक उघडून आपल्यामागून येणाऱ्या मुलीला अडवणारा एखादा नियम त्यात शिल्लक आहे का, हे पाहावे.